पाठ टेकते का

आमच्या घराला आतलं दार नाही.
कोपरखैरणे, सेक्टर सात, माथाडींची ओळ.
खाली एक खोली, वर एक, मध्ये लोखंडी जिना.
दाराच्या जागी तात्यांचा खोकला आहे.
तिसऱ्या पायरीवर ते एकदा खोकतात
आणि मी गाऊनची बटणं लावून होईपर्यंत
चौथी पायरी चढत नाहीत.

पहिले नऊ दिवस मी कॉटच्या कडेला बसून पाजलं.
पाय अधांतरी, मान खाली,
विहिरीत पडलेला पोहरा शोधावा तशी.
ती ओढायची, सुटायची, रडायची.
मीसुद्धा.
वाशीच्या दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या होत्या,
तू बाळाकडे वाकू नकोस, बाळाला तुझ्याकडे आण.
आणू कशी? भिंत कॉटपासून दोन हात लांब,
उशा घरात मोजून तीन,
त्यातली एक संपतची;
महाप्याची रात्रपाळी करून आला की
तो तिच्यावर दगडासारखा पडतो.

दहाव्या दिवशी तात्यांनी खालची खुर्ची वर आणली.
हातांची, सागवानी, मार्केटातल्या कुठल्याशा पेढीनं मोडीत काढलेली.
दूध हा शब्द त्यांनी काढला नाही.
"बसून बघ. पाय टेकत्यात का?"
टेकत नव्हते.
ते गेले, आणि दुपारभर खालून
दाभणाचा आवाज येत राहिला,
म्हणजे आवाज असा नसतोच दाभणाला,
सुतळी ओढल्याचा येतो.

दोन विटा, गोणपाटात शिवलेल्या: पायाखाली.
चौघडी पोतं, उकळून वाळवलेलं,
वर त्यांच्याच जुन्या सदऱ्याचा अभ्रा: कमरेमागे.
सदऱ्याचा खिसा तसाच ठेवलेला.
त्यात आता माझा मोबाइल राहतो, आणि चार खारका.

"वझ्याखाली वाकायचं नसतं," ते जिन्याशी बोलल्यासारखं बोलले,
"वझं अंगाशी घ्यायचं. मग त्ये निम्मं हुतं."
एकतीस वर्षं कांदा-बटाटा वाहिलेला माणूस.
सिस्टरनी जे बाहुली घेऊन शिकवलं
ते याला धक्क्यावर कुणी शिकवलं असेल,
आणि किती मणक्यांच्या बदल्यात?

शेवटी हूक.
पोत्यात रुतवायचा तो लोखंडी आकडा,
निवृत्तीनंतर दिवाणाखाली कागदात गुंडाळून होता.
त्याचं टोक त्यांनी कानशीनं घासून घासून बोथट केलं,
बोटाच्या पेरावर ओढून पाहिलं,
मग भिंतीत ठोकला.
हुकापासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी,
दोरीवर पोपटांची चादर.
एवढी माझी खोली.
चार फूट बाय तीन.
पाण्याचा तांब्या उजव्या हाताला,
कारण ती ओढायला लागली की पहिल्याच घोटाला
माझा घसा कोरडा पडतो.
फडकी हुकावर.

रात्री तीन वाजता ठाणे-बेलापूर रोडवर कंटेनर गिअर बदलतात.
झिरोच्या उजेडात सगळे पोपट काळे दिसतात.
ती सव्वातीन किलोची, माझ्या पोटाला पोट लावून,
हनुवटी रुतवून.
घोटाचा आवाज ऐकू येतो. खरंच येतो.
कितीही धुतलं तरी गोणपाटाला कांद्याचा वास आहे,
तेव्हा तिला वाटत असणार
जग असंच असतं: दूध आणि थोडा कांदा.

तिचं नाव अजून ठेवायचंय.
तात्या तिला "पार्सल" म्हणतात; बारशापर्यंत मी चालवून घेईन.

खुर्चीचा एक पाय अजून डुगडुगतो.
त्याखाली लग्नपत्रिकेची घडी आहे, ती रोज सरकते.

काल पहाटे मी चादरीआड होते.
तिसरी पायरी. खोकला.
मी म्हटलं, "आत्ताच झोपलीय."
ते तिथेच थांबले.
मग खालूनच, पुष्कळ वेळानं:
"पाठ टेकते का?"
"टेकते, तात्या."
पायऱ्या उतरल्याचा आवाज आला,
एकेक, कठड्याला धरून.