कट म्हटल्यावरही

माइक बांधलाय हॉकीच्या मोडक्या काठीला,
वारा घुसू नये म्हणून त्यावर चढवलाय
मिल्टनचा लोकरी हातमोजा.
उजेडाला बर्फ काढायचा ट्रक.
ऑगस्टाइन दिवे लावून बसलाय आत, हीटर बंद करून,
कारण हीटरची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते.
दर दहा मिनिटांनी बोटांवर फुंकर मारतो
आणि काच खाली करून विचारतो,
झालं का गं तुमचं?

उणे एकतीस.
कॅमेऱ्याची जादाची बॅटरी मी काखेत धरलीय,
आजारी पिल्लू धरावं तशी.

एकच शॉट राहिलाय.
पेट्रोल पंपापासून पुलापर्यंत
डेल्फीन चालत गेली, तो.

म्हणजे, गेली असावी.
पंपावरच्या कॅमेऱ्यात माझी बहीण अकरा सेकंद आहे.
दूध घेते. नाणी मोजते.
दारातून बाहेर कुणाकडे तरी बघून हसते.
कुणाकडे, ते चौकटीबाहेर.
तेरा वर्षं मी त्या चौकटीच्या कडेला
नाक लावून उभी आहे.

पोलिसांच्या कागदावर अर्धी ओळ:
स्वतःहून निघून गेली असण्याची शक्यता.
दारूचा उल्लेख आहे.
दुधाचा नाही.

एकदा विनिपेगहून टीव्हीवाले आले होते.
आई रडली तेव्हा त्यांचा दिवा लागला नव्हता.
म्हणाले, पुन्हा एकदा कराल का,
या वेळी फोटो जरा छातीशी धरून?
आईनं केलं.
त्या रात्री ती मला म्हणाली,
तुम्हीच शिका ते यंत्र चालवायला.

शिकलो. शाळेचा कॅमेरा, लग्नाच्या मंडळाचा ट्रायपॉड,
त्याचा एक पाय चिकटपट्टीवर उभा.
जांभळं जॅकेट जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळालं,
तसंच, पण ते नव्हे.
ते तिच्या अंगावर गेलं.

हॉलमध्ये पाचजणी येऊन गेल्या.
संवाद सगळ्यांना पाठ.
जॅकेट हातात घेतलं की प्रत्येकीला
घरचं काहीतरी काम आठवायचं.
शेवटी तानिस उठली.
तिनं चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाली,
मला होतंय.
दूध जिच्यासाठी घेतलं होतं, ती तानिस.
आता माझ्यापेक्षा बोटभर उंच.

तर, ॲक्शन.
ती चालते. बर्फ करकरतो.
पाठ, टोपी, हातातली पिशवी.
ट्रकचा उजेड संपतो तिथे मी खडूनं नव्हे,
ऑगस्टाइनच्या थर्मासमधल्या चहानं रेघ ओढलीय.
रेघ आली.
मी म्हटलं, कट.

ती चालत राहिली.

कट, तानिस.
जांभळा रंग आधी काळा झाला,
मग काळ्यात काळा.
मिल्टननं काठी खाली टाकली.
कट, कट, म्हणत मी धावत सुटले,
कॅमेरा खांद्यावरच, चालू,
आणि तोंडातून निघालं ते भलतंच,
आई आम्हाला तळ्यावरून हाक मारायची ते:
आस्ताम!
ये. अंधार पडला. जेवण तयार आहे.
आमच्या क्री भाषेत हे सगळं त्या एका शब्दात मावतं.

पुलाच्या कठड्याशी ती उभी होती.
दंडाला धरलं, गदागदा हलवलं,
कानाला दडे बसलेत का तुझ्या?

म्हणाली, ऐकलं होतं मावशी.
बघत होते,
किती लांब गेल्यावर कुणी धावतं.

एडिटिंगला मिल्टन म्हणाला,
हे शेवटचं सगळं हलतंय, कापू या.
धाप लागल्याचा आवाज आहे, शिवी पण आहे तुझी एक.
राहू दे, म्हटलं.

शनिवारी हॉलमध्ये दोन चादरी शिवून पडदा केला.
मुलगी उजेडाच्या रेघेपलीकडे गेली
आणि अंधारात खुर्च्या सरकल्या,
एक, मग चार, मग मोजता येईनात.
सूप तसंच टाकून
अर्धं गाव उठून उभं राहिलं होतं,
दाराकडे तोंड करून.