काजळी आणि काव

मार्च सरत आलेला. पंख्याखाली स्टँड,
बारा परीक्षानळ्या, बाराही काळ्या.
शाईसारखं काळं नव्हे,
शाई निदान कागदावर थांबते.
ह्या कार्बनच्या नळ्या. केस उभा चिरून
दहा हजार चिरफळ्या केल्या
तर त्यातली एक भरेल, तेवढी एकीची जाडी.
आम्लात उकळून मी त्यांना ऋण करून ठेवलंय.
आता त्या एकमेकींना टाळत
आठवडाभर पाण्यात तशाच तरंगतात.

मग काव टाकायची, चिमूटभर.
बरणीवर लिहिलंय फेरिक ऑक्साइड,
आमच्या उचगावात भिंतीच्या पायथ्याला ओढतात ती पट्टी.
सामू सहा. इथं लोखंड धन असतं.
दहा मिनिटांत काळं तांबड्याला चिकटतं,
जड होतं, खाली बसतं,
वर उरतं नुसतं पाणी,
त्यातून पलीकडचा दस्तगीर मामांचा शर्ट दिसतो,
चौकड्यांसकट.

सर म्हणाले, लिही:
जांभ्याची माती ही गाळणी आहे, ती धरून ठेवते.
मी लिहिलं. शेवटचं वाक्य म्हणून शोभेल असं होतं.

दस्तगीर मुजावर, प्रयोगशाळा सेवक,
निवृत्तीला सात महिने,
दोन्ही कान तालमीत मुडपलेले.
म्हणाले, "ही कसली माती गं, बाटलीतली?
उद्या खरी आणतो."
आणली. रुमालाच्या गाठीत.
तालमीच्या हौद्यातली:
कावेत ताक, लिंबू, हळद, तिळाचं तेल
आणि किती पोरांचा घाम, त्याची नोंद नाही.

तेरावी नळी.
दहा मिनिटं. तास. चहा होऊन गेला.
तांबडं खाली बसलं.
काळं बसेना.
सामू पाहिला, वजन पाहिलं, पुन्हा केलं,
पुन्हा तेच.
मामा दारातनं बघत होते.
"त्यात काय एवढं? तेल लावल्याला गडी
हाताला घावंल व्हय?"

मला हे तीन पानांत लिहावं लागेल:
लोखंडाचा कण न् कण माखलेला,
जिथं धरायचं
तिथं आधीच कुणीतरी बसलेलं.

रविवारी घाटावर गेले.
धुणी चाललेली, पायऱ्यांवर फेस,
वरच्या उसाचं खत पाण्यात कुठं दिसतं?
बाटली भरून आणली
आणि पहिल्या नळीत ओतली, जी पंधरा दिवस
शांत बसली होती.
सोमवारी तळातून
काळा धागा उठला. हळू.
अगरबत्तीचा उठतो, तसा.

आप्पा शिरोलीत भट्टीवर, एकोणतीस वर्षं.
सकाळी खोकतात तेव्हा रुमालात
दोन रंग असतात, एक गंजाचा.
कोण कुणाला धरतंय आत,
हे मला येतं मोजायला,
बाहेरच्या पाण्यात येतं.
रुमाल ते आईला देत नाहीत,
स्वतःच नळाखाली चोळतात.
मोरीतनं ते पाणी ओढ्याला जातं,
ओढा नदीला.

सरांना फोटो पाठवला.
दोन निळ्या खुणा, उत्तर नाही.
शेवटचं वाक्य मी खोडलेलं नाही,
पूर्णविराम तेवढा पुसला
आणि पुढं लिहिलं: जर.
त्यानंतरची ओळ अजून कोरी आहे.

संध्याकाळी मामांनी उरलेली माती मागून घेतली.
तालमीची माती टाकत नाहीत, म्हणाले.
"आणि ह्या नळीतली?"
त्यांनी ती खिडकीशी धरली,
बराच वेळ फिरवून बघितली.
"ही आता तालमीची न्हाई," म्हणाले,
"आणि बाटलीतलीबी न्हाई.
ऱ्हाऊ दे हितंच. कुणी सांडू नगा."