पाण्याची वही

वही माझ्याकडे आली कारण मला मराठी लिहिता येतं.
बाकीच्या जणी तेलुगूत मोजतात.

नरसव्वा गड्डमच्या ओट्यावर, मांडीवर सूप, सुपात पानं,
कात्री चालवता चालवता ती म्हणाली,
नळ कवा आल्ता की गं?
कुणी म्हणालं सोमवारी. कुणी म्हणालं अवसेला.
हजारात एक विडी कमी भरली तर झोप लागत नाही आम्हाला,
आणि पाण्याचा हिशेब असा!

मग लिहायला लागले.
बुधवार, रात्री दोन पन्नास. बत्तीस मिनिटं. पहिल्या सात घागरी गढूळ.
मंगळवार, पहाटे साडेचार. बोळातल्या शेवटच्या तीन घरांना थेंब नाही.
झुलेखा बागवानची सून बाळंत झाली, तेही लिहिलं.
ती म्हणाली, त्या दिवशी पाणी नव्हतं, लिही.

चावीवाला मल्लिनाथ आधी हसायचा.
नंतर स्वतःच थांबून सांगायचा,
आजचा उशीर माझा नाही, पंपाला लाईट नव्हती. लिहा.

अकरा आठवड्यांनी एकोणीस जणी इंद्रभुवनला गेलो.
बुडालेली मजुरी मागच्या पानावर आहे.

साहेब म्हणाले, तुमच्या भागाला चौथ्या दिवशी पाणी आहे.
कागदावर आहे.
मी वही पुढे सरकवली.
सहावा. सहावा. पाचवा. आठवा. सहावा.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन-चार नोंदींवर बोट ठेवलं:
या धरता येणार नाहीत.

मागून नरसव्वा काहीतरी पुटपुटली.
काय म्हणतात त्या?
म्हटलं, छाट काढताय म्हणतात.
कारखान्यातही असंच, चांगली विडी खराब म्हणून बाजूला टाकतात
आणि मग तीच विकतात.

शिपायाला हसू आलं. साहेबांना नाही.
वही ठेवून जा.
नाही साहेब, झेरॉक्स आणलीय. पोच द्या.

शिक्का सापडेना. सापडला तर शाई वाळलेली.
एकोणीस जणी उभ्याच.
शेवटी झुलेखानं पिशवीतून बाटली काढली
आणि महापालिकेच्या शाईत
आमचं पाणी, दोन थेंब.

आता पाचव्या दिवशी येतं. चौथ्या नाही.

परवा मल्लिनाथ सायकल टेकवून म्हणाला,
साहेब विचारतात, मागच्या महिन्यात किती वेळा सोडलं आपण?
त्यांना सापडेना कुठं.

नरसव्वानं दोरा दातानं तोडला.
अर्ज करायला सांग, म्हणाली.
पोच देऊ.