सतरा गुंड्या

त्याचा कोट मी शिवला. पाच आठवडे लागले.
मोरपंखी रेशीम, काठाला जवाच्या ओंब्या भरलेल्या,
सतरा गुंड्या, एकेक हाताने मढवलेली.
पटकथेत तो एका ओळीत उतरतो,
फांदीवर जातो,
आणि तिथून एक बकरी तो ओढून नेते.

दक्षिण बोहेमिया, ऑक्टोबर, कार्प माशांचं तळं.
गळ्याइतक्या पाण्यात राडोवान,
साल सतराशे चौसष्ट.
काठावर मी, टॉवेलचा झगा हातात धरून.

मला वाटलं होतं, कपडे उतरले की माझं काम संपलं.
नागड्या माणसाला कसला आलाय काळ?

पण दंडावर लशीचा वण. तेव्हा नव्हता.
मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा. नव्हता.
पोटावर अपेंडिक्सची शिवण.
तेव्हा पोट दुखलं असतं, तर कप्तानच उरला नसता.
आणि कमरेभोवती, ताजी, लालबुंद,
चड्डीच्या इलॅस्टिकची नक्षी!
चाळीस माणसं, दोन घोडे, एक बकरी
तो वळ विरायची वाट बघत बसली.

हो, एक वस्त्र त्याच्या अंगावर होतं.
तीस वर्षांत मी शिवलेलं सगळ्यात लहान:
कातडीच्या रंगाची पिशवी.
मापं घेताना आम्ही दोघं
हवामानावर फार मन लावून बोललो.

मग बग्गी येते. सरदारकन्या उतरते.
कप्तानाच्या हाताशी आता फक्त पावडर लावलेला टोप.
एकच टोप, आणि झाकायला जागा दोन.
कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळणारा माणूस
मी म्हणीत ऐकला होता,
तो असा गुडघाभर चिखलात उभा राहिलेला
पहिल्यांदाच पाहिला.
तो टोप तोंडावर धरतो.
बरोबरच आहे, ओळख तोंडाला असते,
बाकीचं कुणाचंही असू शकतं.

ती पंखा मिटते. नीट बघते.
“शुभ प्रभात, कप्तान.”

अकरा वेळा.
अकरा वेळा मी त्याला झग्यात गुंडाळलं,
निळा पडलेला, दात वाजत असलेला.
नवव्या वेळी तो म्हणाला,
“द्राहोमिरा, हे माझी आई बघणार आहे.”
मी त्याची पाठ चोळत राहिले.
अंगावरचा काटा मात्र
कुठल्याही सालातला चालतो.

वसंतात गावच्या थिएटरात सिनेमा लागला.
“शुभ प्रभात” म्हणताच सगळं थिएटर कोसळलं.
शेजारची बाई हसता हसता माझ्या मांडीवर थापट्या मारत होती.
कुणाची कुणास ओळख नव्हती.

मी त्याच्याकडे बघतच नव्हते.
पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, धूसर,
बकरीच्या तोंडात माझा कोट चालला होता.
तीन सेकंद. मी मोजल्या.

सोळा.