डब्यातले शब्द

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून
मी चिठ्ठ्या केल्या, दोनशे तीस.
पोषण आहारातला तेलाचा रिकामा डबा
कोडापेबाईंनी राखेनं घासून दिला.
तरी शब्दांना सोयाबीनचा वास येतोच.

नियम एकच. रोज एक इंग्रजी शब्द,
पुस्तकातला चालणार नाही.
वाढोण्यात जिथं दिसेल तिथून उचलायचा,
स्पेलिंगसकट.

पहिल्या दिवशी सगळ्यांनीच 'एसटी' आणली.
दुसऱ्या दिवशी अनमनं खताच्या पोत्यावरून
'यूज नो हुक्स' अख्खंच उतरवून आणलं
आणि वर मलाच विचारलं,
'हूक नाई लावाचा तं मॅडम, पोतं उचलाचं कसं?'
भूषणला फवारणीच्या डब्यावर 'पॉयझन' सापडला.
मी म्हटलं, लांबून वाचायचं, हात लावायचा नाही.
'लावला,' तो म्हणाला. 'धुतला बी.'

'बेल'वरून तर भांडणच जुंपलं.
एक म्हणे शाळेची, एक म्हणे जिनिंगमधली कापसाची गाठ,
रुचिका म्हणे महादेवाचं पान,
त्यात इंग्रजी कायचं आलं?
दोघांची स्पेलिंगं फळ्यावर लिहून दिली.
तिनं दप्तरातून पानच काढून टेबलावर ठेवलं.

मी मूळची कऱ्हाडकडची.
इथं आले तेव्हा शब्द मलाच कमी पडायचे.
भाजीवाली म्हणाली, सांबार देऊ का?
मी म्हटलं, नको, घरी आमटी केलीय.
तिनं कोथिंबिरीची जुडी माझ्यासमोर धरली
आणि हसायची थांबेना.
पुढं चालू वर्तमानकाळ शिकवताना घाम फुटला,
तेव्हा मागच्या बाकावरून नैतिक म्हणाला,
'सोपं हाय ना मॅडम.
ही इज ईटिंग. तो खाऊन राहिला.'
खाऊन राहिला!
आमच्या प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात प्रणोती मडावीनं आणला 'रेफर'.
कुठं सापडला?
'दवाखान्यात. मायले रेफर केलं, यवतमाळले.'
मी सवयीनं फळ्याकडे वळून
अर्थ लिहायला घेतला, 'संदर्भ',
आणि खडू तिथंच थांबला.
'मले मालूम हाय,' ती म्हणाली.
'रेफर म्हंजे इथं नाई होत.'
तिनंच चिठ्ठीची घडी केली, डब्यात टाकली,
झाकण दोनदा दाबलं.

मग नऊ दिवस तिची जागा रिकामी.
डब्यात 'रिचार्ज' पडला, 'स्टार्टर', 'कूलर',
काट्यावर बापाशेजारी उभं राहून
नैतिकनं ऐकलेला 'मॉइश्चर'.
मी रोज हजेरी घेताना
तिच्या नावावरून जरा भरभर पुढं जायची.

दहाव्या दिवशी प्रार्थना संपता संपता आली,
केसांना तेल, एका पायात भावाची चप्पल.
मुठीत चिठ्ठी घामानं ओली झालेली:
'डिस्चार्ज'.
स्पेलिंगमधला सी राहून गेला होता.
त्या दिवशी मी दुरुस्त केला नाही.
दुसऱ्या दिवशी केला.

आता डबा भरत आलाय.
बुधवारी पोरांनी मोजले, एकशे ऐंशी,
त्यातली एक चिठ्ठी कोरी.
ती यशची.
'मॅडम, धुऱ्याले इंग्रजीत काय म्हनते?'
मी डिक्शनरी उघडली. 'बाउंडरी' म्हटलं.
त्याला काही पटेना.
'बाउंडरीवर तं फोर भेटते.
आमच्या धुऱ्यावर बोरीचं झाड हाय,
दोन्ही वावरातले लोकं बोरं खाते.'
बराच वेळ पेन्सिल चावत बसला,
मग काहीच न लिहिता चिठ्ठी टाकली.
'राहू द्या,' म्हणाला. 'भेटला का सांगीन.'