दोन मोकळ्या जागा

वडगावातल्या मागांसाठी मी एक प्रोग्राम लिहिला.
चित्र दिलं की जकार्डच्या कुठल्या पुठ्ठ्याला
कुठे भोक पाडायचं, ते सांगणारा.
नाव ठेवलं धोटा,
आणि दारावर पाटी लावली: घ्या, बदला, कुणालाही द्या,
फक्त ज्याला द्याल त्यालाही हीच मुभा द्या.

पाच महिने कुणी फिरकलं नाही.
मग एका रात्री पावणेदोनला
बैलहोंगलहून विरुपाक्ष हुद्दारची पहिली दुरुस्ती आली.
एक स्वल्पविराम.
तीनदा वाचला मी तो स्वल्पविराम.

दोन वर्षं आम्ही एकमेकांना पाहिलं नाही.
मध्ये एक लाल बस
आणि तिचा वेळापत्रकाशी झालेला काडीमोड.
त्याची मराठी कानडीच्या चालीवर चालायची,
माझी कानडी भाजीच्या पिशवीएवढी.
टिपा दोन्हींत: वरची ओळ त्याची, खालची माझी.
ळ तेवढा दोघांच्या तोंडात सारखाच वळायचा.

भांडण झालं तेव्हा
पुण्याच्या मावसभावानं फोन करून विचारलं,
"सीमेवरून का रे?"
नाही रे बाबा.
ओळ सुरू करण्याआधी किती जागा मोकळ्या सोडायच्या, यावरून.
मी चार सोडतो. तो दोन.

हसू नकोस, म्हटलं.
पण तेही निमित्तच, बांधावरच्या बाभळीसारखं.
खरं असं, की त्यानं सहाशे ओळी नव्यानं लिहून पाठवल्या
आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या.
एकवीस दिवस मी उत्तरच दिलं नाही.
मग दिलं: "न विचारता एवढं काम कुणी करतं का?"
त्यानं विचारलं, "दार उघडं म्हणून पाटी आहे.
आत आल्यावर बसायचं कुणाला विचारून?"
मी लिहिलं, "घर माझं आहे."
ते अजून तिथेच आहे. पुसता येत नाही,
कारण काहीही पुसायचं नाही
हे आम्हीच ठरवलेलं.

दुसऱ्या दिवशी फाटा फुटला.
इकडे फाट्यांना काय तोटा,
दर कोसाला एक, चहाच्या टपरीसकट.
त्यानं ओळ न् ओळ उचलली
आणि नाव ठेवलं लाळी.
कानडीत धोटाच तो.

भावकीतल्या वाटण्या मी पाहिल्यात.
अर्धी विहीर, पाऊण गोठा,
आंब्याला दोरी बांधून मोजलेल्या फांद्या.
ही वाटणी निराळी: त्यालाही अख्खं शेत, मलाही अख्खं.
तरी रात्री पावणेदोनला
माझ्या वाट्याचं काहीतरी कमी भरायचं.

मग प्रभावती कामकरांचा फोन.
त्यांच्या एका मागावर धोटा, दुसऱ्यावर लाळी.
"दोन्हीतबी मोराची मान मोडूलालीय बघा की वो,
एकशे बाराव्या पुठ्ठ्याला."
बघितलं. चूक पहिल्या आठवड्यातली,
माझ्या हातची,
फाट्याच्या अलीकडची,
म्हणून दोन्ही वाटांनी बिनबोभाट चालत गेलेली.

मी अजून चष्मा पुसत होतो
तोवर दुरुस्ती आली. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे.
सोबत दोन शब्द: तप्पु इब्बरदू.
चूक दोघांची.
दोघांची नव्हती.
पण ते वाक्य मी दुरुस्त केलं नाही.

धोटा आणि लाळी वेगळेच आहेत अजून.
एकत्र करा, असं कुणी म्हणालं
की आम्ही दोघं हवापाण्याचं बोलतो.
मोराची मान आता हवी तशी वळते;
प्रभावतीबाईंनी पदराचा फोटो पाठवला दोघांना,
त्यात मोरापेक्षा त्यांचा अंगठाच जास्त.

माझ्याकडे त्या एका ओळीआधी
दोनच जागा मोकळ्या आहेत.
चार करायला एक कळ दाबली की पुरे.

राहू दे.