महिन्याला एक चुडत

बारा वर्षं मी पिग्मी गोळा केली, फोंड्यापासून बोरीपर्यंत,
दहा-दहाच्या नोटा, माशांचा वास लागलेल्या,
आणि एवढंच शिकले:
एकदम पाचशे देताना माणसाचा हात आखडतो,
रोज दहा देताना तो मुलीच्या लग्नाचंही सांगून टाकतो.

पतसंस्था बुडाली.
माझ्याकडे कोऱ्या पावतीबुकांचा गठ्ठा उरला
आणि दीर, सोयरू,
गावात माडावर चढणारा शेवटून दुसरा.

त्याचा धंदा असा:
चवथीच्या तोंडावर सगळ्यांचे फोन एकदम,
एरवी पावसाळाभर खोडं निसरडी,
हा पडवीत बसून कोयतीला धार लावणार,
लावून लावून कोयती अर्धी.
माडामागे शंभर रुपये. न चढलेल्या माडाचे काहीच नाही.

मी म्हटलं, चढणं विकू नकोस, येणं विक.
"येवप कोण विकत घेता, वयनी?"

वही काढली. दहा माड, महिना तीनशे.
तीन महिन्यांनी पाडणी, सुकी चुडतं खाली,
वारं सुटलं तर दुसऱ्या दिवशी हजर.
सुटी पाडणी केली तर वर्षाचे चार हजार होतात,
सभासदाला छत्तीसशे.
त्या चारशे रुपयांत मी सोयरूचा पावसाळा विकत घेतला.

बर्नार्द मास्तरांनी बोट नाचवलं,
तो चढणार नाही त्या महिन्याचे पैसे कसले?
मी म्हटलं, त्या महिन्यात तुमच्या डोक्यावर नारळ पडणार नाही, त्याचे.
हसले. मग चष्मा पुसून सही केली.

एक्केचाळीस सभासद झाले, मग अडतीस.
जाणारा भांडत नाही,
एक तारखेला त्याच्या नावापुढची जागा नुसती मोकळी राहते.
कुडतरकरांनी माड तोडून गाळे बांधले.
वेलिंगकर बाईंनी का सोडलं ते त्यांनी सांगितलं नाही,
मीच जाऊन विचारलं.
सोयरूने अळू तुडवलं होतं.
एवढंच. अळू.

आणि स्विंडनची एव्हलीन.
घराला कुलूप, पोर्चवर पालापाचोळा,
पण पैसे मात्र एक तारखेला, मी चहा ओतायच्या आधी.
सोयरू पाडायचा, पायरीवर रचून यायचा,
तिसऱ्या खेपेला पहिल्या खेपेचे नारळ कोंबावर आलेले.

विसरलेला सभासद सगळ्यात फायद्याचा.
पतसंस्थेत आम्हाला हेच शिकवलं होतं,
आणि ती का बुडाली तेही मला माहीत आहे.

दोन रात्री फोन हातात घेऊन ठेवून दिला.
तिसऱ्या रात्री लावला. म्हटलं, तुमचे नारळ कोणी खात नाही.
पलीकडे बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज.
मग ती म्हणाली, नारळ तुम्ही न्या,
पण बंद करू नका.
वरून अजून जुवारी दिसते का, एवढं त्याला विचारा.

सोयरूला असलं कोणी कधी विचारलं नव्हतं.
पुढच्या खेपेला तो शेंड्यात नेहमीपेक्षा जास्त थांबला,
मी खाली मान वर करून उभी, डोळ्यांत कचरा.
"दिसता," तो ओरडला, "पुलार ट्रक अडकला,
आनी हांच्या न्हाणीघराचे दोन नळे फुटले मरे!"

नळे बसवून घेतले. त्याचं वेगळं बिल तिने लगेच दिलं.

उतरल्यावर सोयरूने खोडावर हात ठेवून दाखवलं:
माड महिन्याला एक चुडत काढतो,
जुनं गळतं तिथे वण राहतो,
उन्हाळ्यात ताण पडला तर वण जवळजवळ येतात,
पण येतात.
मी बोटाने मोजत गेले, माझ्या उंचीपर्यंतच जमलं.

या महिन्यात तिघांचे आलेले नाहीत.
उद्या सकाळी निघते.
आधी वेलिंगकर बाईंकडे, अळवाचं रोप घेऊन.